चेन बोलायलीय

खिल्लारे सिस्टर आल्या, हे आम्हाला त्या समोर उभ्या राहिल्यावरच कळायचं. आमच्या दवाखान्यात सायकली बऱ्याच जणांकडे होत्या आणि प्रत्येकीचा आवाज ठरलेला होता. मलेरियावाल्याची मडगार्ड बडवत यायची, शिपायाची ब्रेक लावताना किंचाळायची, आणि माझ्या सायकलीबद्दल न बोललेलंच बरं. दुपारी पेशंट ओसरले की मी औषधाच्या खिडकीशी खुर्ची मागे रेलून डोळे मिटायचो. दुसरं कुणी येत असलं तर सावरून बसायला वेळ मिळायचा. सिस्टरनी मात्र मला कितीदा झोपेत पकडलं याची मोजदाद नाही. डोळे उघडून पाहावं तर गजांपलीकडे पांढरी साडी, उन्हानं रापलेला चेहरा आणि तेच ते वाक्य, "उठा कंपाउंडरसाहेब, औषधं पळून गेली बगा."

गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या बाजूच्या डोंगरपट्ट्यात आमचं केंद्र होतं. मी परभणीचा. आगगाडीच्या शिट्ट्या ऐकत झोपायची सवय असलेला माणूस. या माळावर बदली झाली तेव्हा मला जिवंतपणी पुरल्यासारखं वाटलं होतं, आणि मी ते येईल-जाईल त्याला सांगायचो. सिस्टरनी ते एकदाच ऐकून घेतलं. "परभनी कुठं पळून चाल्ली का? तवर हितल्या बाटल्यांवरची धूळ पुसा," एवढं बोलून त्या निघून गेल्या. मला राग आला. धूळ मात्र मी पुसली.

त्या माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये त्या आणि त्यांची आई अशा दोघीच राहायच्या. दारातून आत पाहिलं की समोर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली कंदील, आणि कंदिलाशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल. होय, सायकल घरात. "भाईर ठिवली की दव लागतंय," असं त्या म्हणायच्या. त्यांच्या आईला ते मुळीच पटायचं नाही. "मानसानं निजावं कुठं अन् गाडीनं निजावं कुठं," असं म्हातारी बडबडत राहायची आणि रोज संध्याकाळी त्याच सायकलीचं सीट स्वतःच्या पदरानं पुसायची.

ही सायकल पहिल्यापासून मुकी नव्हती. सरकारनं दवाखान्याला दिली तेव्हा तिला चेनकव्हर होतं, पण ते घासतं म्हणून सिस्टरच्या आधी ती वापरणाऱ्या कुणीतरी काढून माळ्यावर टाकलेलं. पुरुषाचं काय, पायजमा गुडघ्यापर्यंत खोचला की भागतं. सिस्टर तशीच सायकल घेऊन राणीसावरगावच्या बाजाराला गेल्या, आणि ऐन बाजारात साडीचा काठ चेनमध्ये गेला. चाक जाम झालं. बाई आडव्या. बाजार हसला. सायकलवर बसणारी बाई हीच तिथं मोठी नवलाई होती, त्यात ती पडलेली बघायला मिळाली, मग काय विचारता. सिस्टर उठल्या, चेनमध्ये अडकलेला काठ पायडल उलटं फिरवून सोडवला, आणि काळ्या वंगणानं माखलेल्या साडीनिशी भाजी घेऊनच परत आल्या. दुसऱ्या दिवशी कव्हर माळ्यावरून खाली आलं ते कायमचं. "कव्हर काढायचं न्हाई," हा त्यांचा नियम तेव्हापासूनचा.

पण कव्हर आलं तसा आवाजही आला. रस्ते सगळे दगडांचे. दोन-चार दिवस गेले की चेन झोल खाऊन कव्हरच्या पत्र्याला घासायची. खर्र, खर्र, खर्र. पायडल वर आलं की आवाज, खाली गेलं की गप्प. त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं, सिस्टरनाही नाही. मग वरच्या वाडीतल्या गयाबाईचं प्रकरण झालं.

वरची वाडी म्हणजे आमच्या केंद्रासमोरच्या चढावर वसलेली दहा-वीस घरं. गयाबाई तिथली, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातली. डोळ्यांनी अधू झालेली, पण कान असे तिखट की परसातली कोंबडी कुठल्या कोपऱ्यात बसलीय ते जागेवरून सांगायची. तिचा एकुलता एक मुलगा किसन आणि सून सुंदर. सुंदरची लागोपाठ दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि पोरीच्या अंगात रक्त म्हणून उरलं नव्हतं. सिस्टरना तिला काही काळ दिवस जाऊ न देता विश्रांती द्यायची होती, त्यासाठी गर्भाशयात लूप बसवायची होती. गयाबाईच्या मते सरकारची बाई एकदा घरात शिरली की सुनेची कूस कायमची बंद करून जाते.

त्यामुळे व्हायचं असं, की सिस्टर चढाला लागल्या की वर गयाबाईच्या कानावर खर्र खर्र जायची. "आली बया," म्हणून ती सुंदरला लगेच रानात पिटाळायची. सिस्टर दारात पोचेपर्यंत सून गायब. कितीतरी खेपा अशाच वाया गेल्या. शेवटी एके दिवशी त्या परत आल्या, सायकल माझ्या खिडकीखाली लावली आणि तिच्याकडे बघत राहिल्या. मी विचारलं, "काय झालं?"

"चेन बोलायलीय, कंपाउंडर. ही आधी जाऊन सांगती अन् मी मागनं पोचते."

त्या दिवसापासून सिस्टर चेनच्या मागे लागल्या. आठवडी सुट्टीच्या सकाळी लिंबाखाली पोतं अंथरलेलं असायचं आणि त्यावर सायकल चाकं वर करून उलटी. मागच्या चाकाचे नट ढिले करायचे, चाक केसभर मागं ओढायचं, चेन मधोमध बोटानं वरखाली करून बघायची. फार ताणली तर पायडल जड होतं, ढिली ठेवली तर झोल खाऊन पत्र्याला भिडते. चाक जरा तिरकं बसलं तर आणखी तिसऱ्याच जागी घासते. एक ठिकाण सुधारावं तर दुसरं बिघडायचं. मी खिडकीतून फुकटचे सल्ले द्यायचो आणि त्या ते ऐकल्यासारखं करायच्या. त्यांचं एक म्हणणं होतं, "आवाज कुठून यायलाय ते आधी ऐका, मंग पाना उचला." पेशंटच्या बाबतीतही त्या हेच म्हणायच्या. पोट दुखतंय म्हणून आलेल्या बाईला त्या आधी बसवायच्या, घरचं-दारचं विचारायच्या, आणि बऱ्याचदा दुखणं भलतीकडेच निघायचं.

कव्हर ज्या पट्टीनं सायकलला आवळलेलं होतं, ती पट्टीही थरथरून वाजायची. त्यावर त्यांनी काढलेला उपाय माझ्याच खोलीत पडलेला होता. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्यांची रबरी बुचं. त्या ती ब्लेडनं कापून चकत्या करायच्या आणि पट्टीखाली घालायच्या. तेव्हापासून रिकामी बाटली फेकायची मला चोरी झाली. एकदा थट्टेत मी म्हणालो, "सिस्टर, पानासुद्धा कात्र्यांबरोबर उकळून घेता की काय?" गंमत केली खरी, पण त्या अशा भडकल्या की विचारू नका. "बाळंतिणीची कात्री अन् सायकलचा पाना एका भांड्यात? कंपाउंडर, तुमी पास कुठून झालाव?" हे त्यांनी पेशंटच्या रांगेसमोर विचारलं. रांगेनं माझ्याकडे पाहिलं. पुढे आठवडाभर औषध घेताना लोक बाटलीचा वास घेऊन बघायचे.

उलट्या सायकलीवर चेन अगदी गप्प व्हायची. मी म्हणायचो, झालं की. त्या मान हलवायच्या. "उलटीचं काय ऐकता? तिच्यावर वजन कुठं हाय? चढाला मानूस बसलं की बोलती." मग वजन म्हणून मला बसवायच्या. बायकांची सायकल, तिच्यावर मिशावाला मी, आणि बाजूनं कमरेत वाकून, कान चेनकडे करून चालणाऱ्या सिस्टर, अशी आमची वरात दवाखान्याच्या आवाराला फेऱ्या घालायची. पेशंट ओसरीवर बसून बघायचे. "दाबा, पायडल दाबा, भाकरी खाल्ली न्हाई का?" असं त्या ओरडायच्या. मी घामाघूम होईपर्यंत त्यांचं ऐकणं संपायचं नाही. मग मध्येच हात वर करायच्या, मला उतरवायच्या, आणि कुठला तरी एक नट अगदी जरासा फिरवायच्या.

घंटी होती सायकलला, पण ती त्या वाजवायच्या नाहीत. मी कारण विचारलं होतं. "घंटी वाजवली की लोकं बाजूला व्हत्यात. आपल्याला तर लोकांकडंच जायचंय," त्या म्हणाल्या.

तर अशी ती सायकल मुकी झाली आणि एके सकाळी चढ चढून वर गेली. गयाबाई अंगणात शेंगा फोडत बसलेली. सिस्टर तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या तरी तिला पत्ता नाही. सुंदर चुलीपाशी सापडली. गयाबाई एवढी दचकली की शेंगांचं सूप उलटलं. "अगं बया, तू आली कवा? अन् ओट्यावर चढू नको, सांगून ठिवते." त्या घरात सिस्टरना ओट्याच्या पुढं येऊ देत नसत, पाणीही वरून ओतायचे. सिस्टर म्हणाल्या, "मला कुठं यायचंय घरात? तुमच्या सुनेला भाईर पाठवा. झाडाखाली बोलू." आणि बाहेर, गोठ्याच्या आडोशाला, त्या दोघी बराच वेळ बोलल्या. हे सगळं सिस्टरनीच मला सांगितलं, गयाबाईच्या आवाजाची नक्कल करून. ओट्याचा भागही त्यांनी तशाच हसत सांगितला. मला हसू आलं नाही. ते पाहून त्या म्हणाल्या, "तुमी कामून तोंड पाडलंव? माझं काम झालं की."

सुंदरला लूप बसली. सासूला ते सहा महिन्यांनी कळलं, आणि तोवर सुनेच्या गालावर जरा मांस आलेलं होतं, त्यामुळे भांडण अर्ध्यावरच विझलं. गयाबाईनं एवढंच विचारलं, "ही काडती कवा?" सिस्टर म्हणाल्या, "पोरगी भाकरीच्या दोन चवडी खाऊन पचवाय लागली की काडते." आणि दोन वर्षांनी खरोखरच त्यांनी सुंदरला बोलावून घेतलं, लूप काढली आणि म्हणाल्या, "आता होऊ दे. आता झेपंल तुला." सुंदर लाजून हसली. किसन बाहेर लिंबाखाली उभा होता, त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. मला हे नीट आठवतं, कारण त्यानंतर थोड्याच दिवसांत आणीबाणी लागली आणि काही काळानं नसबंदीचं ते वेड आमच्या माळावरही येऊन पोचलं.

त्या साली आम्ही माणसाला 'केस' म्हणायला लागलो. प्रत्येकाला टार्गेट होतं. सिस्टरना, मला, शिपायाला, शाळेच्या मास्तरांनासुद्धा. टार्गेट चुकलं तर सस्पेंड, असा वरून हुकूम. तालुक्याहून एक साहेब जीप घेऊन यायचे आणि पद्धत अशी ठरली, की नर्सबाईनं भल्या सकाळी सायकलवर पुढं जाऊन गावात घरं दाखवायची, आणि मागून जीपनं येऊन माणसं उचलायची. कुणाला लेकरं किती, आहेत की नाहीत, ही चौकशी कॅम्पमध्ये गेल्यावर कुणी करत नव्हतं. आमचे डॉक्टरसाहेब नुकतेच शिकून आलेले, सज्जन, घाबरट. ते रात्रभर जागायचे आणि सकाळी सह्या करायचे.

आणि त्याच सुमाराला सिस्टरची चेन पुन्हा बोलायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं, दमल्या असतील. आवाज असा की आवारात शिरायच्या आधीपासून खर्र खर्र ऐकू यायची, माझी झोप आता सुरक्षित होती. मी बुचं साठवून ठेवली होती, ती पुढं केली. त्यांनी ती पुडी पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, "राहू द्या, बगू सवडीनं." सुट्टीची सकाळ आली, लिंबाखाली पोतं अंथरलं गेलं नाही. दुसरीही गेली. तोवर मी बातम्या ऐकत होतो. खालच्या वाडीत जीप गेली, एकही माणूस सापडला नाही. तांड्यावर गेली, तिथं फक्त म्हातारी माणसं आणि शेळ्या. बाप्येमाणसं सगळी ज्वारीत. हिवाळ्यात आमच्याकडे ज्वारी पुरुषभर उंच असते, आत शिरलेला माणूस दिसत नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सिस्टरकडे पाहिलं. त्या रजिस्टरवर रेघा आखत होत्या.

साहेबांच्याही कानावर तो आवाज पडलाच. एके दिवशी ओसरीत उभं राहून त्यांनी सुनावलं, "बाई, तुमची सायकल कोसावरून ऐकू येते. तेल घालता येत नाही का?"

"तेल हाय साहेब, चेनच लांबलीया. नवी मागितली हाय वरून."

"मग कव्हर काढून टाका."

"साडी अडकती, साहेब. ह्याच्या आधी बाजारात पडले होते. समद्या गावानं बघितलंय."

साहेब माझ्याकडे वळले. मी औषधाच्या खिडकीत होतो, आणि सिस्टर ती चेन चहा उकळेपर्यंत गप्प करू शकतात हे जगात कुणाला माहीत असेल तर मला. मी म्हणालो, "साहेब, या भागात सुटे भाग मिळतच नाहीत." सिस्टरनी तोंड फिरवून पदरानं घाम पुसला. एवढा घाम काही त्या दिवशी नव्हता.

घंटी त्यांनी का वाजवली नाही, असं कुणी विचारेल. घंटी वाजवली असती तर ती माणसानं वाजवली असं झालं असतं. चेन घासते त्याला कोण काय करणार?

घोटाळा केला तो आमच्या डॉक्टरसाहेबांनी, आणि तोही मायेनं. सिस्टर उन्हातान्हात ती खडखडणारी सायकल दामटतात, वर साहेबांची बोलणी खातात, हे त्यांना बघवेना. सिस्टर एका अडलेल्या बाळंतपणात दिवसभर गुंतलेल्या असताना त्यांनी जीपबरोबर सायकल गंगाखेडला पाठवली, स्वतःच्या खर्चानं नवी चेन घातली, कव्हर ठोकून घेतलं आणि संध्याकाळी मुकाट्यानं सिस्टरच्या दाराशी लावून ठेवली. मलाही पत्ता नव्हता. सिस्टर अंधार पडल्यावर घरी आल्या, सायकल जागच्या जागी दिसली, निजल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वाडीचा नंबर होता.

त्या सकाळी मला जीपमध्ये बसवलं होतं, औषधांची पेटी मांडीवर घेऊन. पुढं साहेब, मागं पोलिसपाटलाची माणसं. थंडी कडक होती. सिस्टर आधीच निघून गेल्या होत्या. जीप फाट्यापर्यंत आली आणि मी सवयीनं कान दिला. चढावरून काहीच ऐकू येईना. मला वाटलं, पोचल्या असतील. तरी मी जीपबाहेर डोकं काढून पुन्हा ऐकलं. वर किसन होता. सुंदरला तेव्हा नुकतेच दिवस गेल्याची शंका होती, आणि आधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली सगळ्यांना ठाऊक होती. हेही नाही टिकलं, आणि किसनला आज उचलून नेलं, तर त्या घरात पुन्हा पाळणा कधी हलणार नव्हता.

चढाच्या पहिल्या वळणावर जीप वळली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. सायकल रस्त्यात आडवी पडली होती. शेजारी सिस्टर बसलेल्या, हातात एक दगड.

"काय झालं बाई?" साहेब ओरडले.

"पडले, साहेब. चाकाखाली ह्यो दगड आला." त्यांनी दगड दाखवला आणि रस्त्याकडेला टाकून दिला.

मी खाली उतरलो. कव्हरच्या मधोमध एवढी पोच पडली होती की पत्रा चेनवर पार बसला होता. नवी कोरी चेन, कालच ठोकून सरळ केलेलं कव्हर, आणि त्यावर दगडाच्या घावांच्या पांढऱ्या खुणा. एक नाही, चांगल्या चार-पाच. एका पडण्यानं असं होत नाही. सिस्टरच्या पांढऱ्या साडीला मातीचा एक डागही नव्हता. ज्या कव्हराच्या पत्र्याला मला बोट लावू द्यायच्या नाहीत, त्याची ही दशा. मी सायकल उभी करून दिली. आमची नजरानजर झाली, आणि मला त्या वेळी त्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी पुढे कुणाही माणसाबद्दल फारसं अनुभवलं नाही. भीतीही वाटली. सस्पेंड तर त्या झाल्याच असत्या, आणि त्या दिवसांत तेवढ्यावर भागतही नव्हतं.

"लागलं का?" मी विचारलं.

"मला न्हाई," त्या म्हणाल्या आणि सायकलवर बसल्या.

खर्रर्र. खर्रर्र. असा आवाज मी त्या सायकलीचा कधी ऐकला नव्हता. पत्र्यावर पत्रा घासत होता आणि त्या उभ्यानं पायडल मारत चढत होत्या. रस्ता अरुंद, त्यामुळे जीपला त्यांच्या मागून बैलगाडीच्या चालीनं जावं लागलं. साहेबांनी कानावर मफलर ओढला.

वर पोचलो तेव्हा वाडी रिकामी होती. चुली पेटलेल्या, त्यावर भाकरी करपत होत्या, आणि माणूस नाही. अंगणात एकटी गयाबाई शेंगा फोडत बसलेली. साहेबांनी मुलगा कुठं म्हणून विचारलं.

"कुन्या गावाला गेला की," गयाबाई म्हणाली. "मला काय दिसतंय, साहेब? मी आंधळी बाई."

मग ती सिस्टर उभ्या होत्या त्या बाजूला वळून म्हणाली, "नर्सबाई, लय दमलाव. या, ओट्यावर टेका जरा."

सिस्टर ओट्यावर बसल्या. गयाबाईनं आतून तांब्या आणला आणि त्यांच्या हातात दिला. साहेबांना यातलं काहीच कळलं नाही, त्यांना ते एक म्हातारी पाणी देतेय एवढंच दिसलं. मी मात्र औषधाची पेटी उघडून उगीच आतल्या बाटल्या इकडच्या तिकडे करत बसलो.

त्यानंतर सिस्टरनी ते कव्हर सरळ केलं नाही. डॉक्टरसाहेब हळहळले, पुन्हा गंगाखेडला पाठवतो म्हणाले. सिस्टर त्यांना म्हणाल्या, "तुमी लय केलंव, साहेब. आता ती अशीच ऱ्हाऊ द्या." डॉक्टर चष्मा काढून पुसत बसले. मला वाटतं, त्यांनाही उमगलं असावं.

साहेबांनी मात्र टार्गेट चुकलेल्या नर्सबाईविरुद्ध वर लिहिलं होतं. निवडणूक झाली, सरकार बदललं, जीप यायची बंद झाली, केसची पुन्हा माणसं झाली. त्या लिहिण्याचं उत्तर मात्र आपल्या चालीनं येत होतं, ते सगळं मिटल्यावर पोचलं. सिस्टरची बदली वालूरला. सेलू तालुका, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. डॉक्टरसाहेब म्हणाले, आता रद्द होईल, आपण अर्ज करू. सिस्टर म्हणाल्या, "वालूरात बाया न्हाईत का? जाते की."

जाण्यापूर्वी सुंदरचं बाळंतपण त्यांच्याच हातून झालं, आणि या वेळी पोर रडलं. मुलगी. गयाबाईला मुलगा हवा असेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "रडली ना? मंग झालं."

निघायच्या दिवशी सकाळी लिंबाखाली फार दिवसांनी पोतं अंथरलेलं दिसलं. सायकल उलटी होती. सिस्टरनी कव्हर सोडवून लाकडाच्या ओंडक्यावर पालथं घातलं होतं आणि कपड्यात गुंडाळलेल्या वरवंट्यानं आतून हळूहळू पोच काढत होत्या. मी बुचं घेऊन गेलो. त्यांनी पिशवीतून जुनी पुडी काढून दाखवली. "हायत की. तुमची हायत ही." चकत्या कापल्या, पट्टीखाली घातल्या, चाक ओढलं, चेन बोटानं तपासली. मग माझ्याकडे पाहिलं. मला काही सांगायची गरज नव्हती. मी बसलो आणि आवाराला फेऱ्या घातल्या, त्या वाकून कान देत बाजूनं चालल्या. पेशंट ओसरीवरून बघत होते. या वेळी मी कुरकुर केली नाही. आणखी दहा फेऱ्या घालायला लावल्या असत्या तरी घातल्या असत्या.

"गप झाली," त्या म्हणाल्या.

सामान आणि आई बैलगाडीनं पुढं राणीसावरगावच्या एसटीला गेली होती. सिस्टर सायकलनं निघाल्या. आमचा दवाखाना उंचावर, तिथून वरच्या वाडीच्या फाट्यापर्यंतचा उतार सगळा दिसतो. मी ओसरीच्या टोकाला उभा राहिलो. पांढरी साडी उतरत गेली, आणि खरंच, काही म्हणता काही आवाज नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

फाट्यावर बाभळीखाली गयाबाई बसली होती. मांडीवर नात. सकाळीच येऊन बसली असणार, सिस्टरना निरोप द्यायला. तोंड रस्त्याकडे, मान जरा कलती, जशी ती ऐकताना करायची तशी. ती त्या खर्र खर्रची वाट बघत होती, आणि सायकल तिच्या समोरून निघून चालली होती. मी इथून हाक मारली असती तरी पोचली नसती.

सिस्टर थोड्या पुढं जाऊन थांबल्या. उतरल्या. मागं वळून बघत राहिल्या. मला वाटलं, आता घंटी वाजवतील, नाहीतर हाक मारतील. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, चपलेचा पाय उचलून टाचेनं ते नुकतंच सरळ केलेलं कव्हर चेनवर दाबून धरलं, आणि हातानं पायडल फिरवलं.

खर्र. खर्र. खर्र.

गयाबाई झटक्यानं उठून उभी राहिली. हात पुढं करून, पोरीला उचलून धरून, ती आवाजाच्या दिशेनं चालायला लागली. तिथं त्या काय बोलल्या ते मला एवढ्या लांबून ऐकू आलं नाही. पोरगी एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली दिसली, बराच वेळ तिकडेच राहिलेली दिसली, आणि मग परत आली. सिस्टरनी पाय लावून कव्हर मागं ओढलं, वाकून एकदा ऐकलं, आणि सायकलवर बसून गेल्या.